पानाची डावी बाजू

आपल्याकडे पान वाढण्याची एक ठरलेली रीत आहे. वरच्या अंगास मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचें, उजवीकडे भाजी व आमटी, मध्यें वरण-भात. उजवीकडचे पदार्थ पुन्हा पुन्हा वाढले जातात, डावीकडचे बेतानें घ्यावयाचे असतात, एवढा भेद मुलांनाहि ठाऊक असतो. या भेदामुळेंच कीं काय, डावी बाजू ही नुसती तोंडीलावण्याची, असली तर बरी, नसली तरी चालेल, अशी समजूत घरोघर रूढ झाली आहे. कामाची घाई झाली कीं पहिला लोप होतो तो कोशिंबिरीचा. चटणीची जागा बाटलींतला टोमॅटो सॉस घेतो, आणि लिंबाची फोड सणावारापुरती उरते. ही समजूत बरोबर नाहीं, आणि तिची किंमत घरांतील सर्वांस सारखी मोजावी लागत नाहीं, हें दाखवावें व सोबत कांहीं साध्या कृति द्याव्या, इतकाच या लेखाचा हेतु आहे.

डाव्या बाजूचा इतिहास मनोरंजक आहे. ज्या हिरव्या मिरचीवांचून व दाण्याच्या कुटावांचून ती आज पुरी होत नाहीं, ते दोन्ही जिन्नस मूळचे अमेरिका खंडांतले. पोर्तुगीज १४९८ सालीं हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागले, त्यानंतर ते इकडे आले. टोमॅटोहि तिकडचाच. त्यापूर्वीं तिखटपणाचें काम मिरें, आलें व मोहरी यांजकडे असे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत अन्नाचें विस्तृत वर्णन आहे; पण मिरची त्या राजाच्या पाकशाळेंत असणें शक्यच नव्हतें. आज ज्याला आपण अगदीं घरचें म्हणतों, तेंहि असें बाहेरून येऊन आपल्या हाताखालीं मुरलेलें आहे. तेव्हां नव्या पदार्थांशीं आमचें वैर नाहीं. प्रश्न एवढाच, कीं त्यांच्यासाठीं आपण पानांतून काय उठवतों.

लिंबाच्या फोडीचें काम

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणी रक्तक्षयानें ग्रासलेल्या आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २५ होतें. याचीं कारणें अनेक आहेत. त्यांतील एक मोठें कारण म्हणजे लोहाची उणीव. शाकाहारी अन्नांत लोह नसतें असें नव्हे. डाळी, कडधान्यें, बाजरी, तीळ व पालेभाज्या यांत तें असतें. परंतु वनस्पतींतलें लोह शरीरास सहजासहजीं शोषून घेतां येत नाहीं. त्याच जेवणांत ‘क’ जीवनसत्त्व पोटांत गेलें, तर तें काम पुष्कळ सोपें होतें. लिंबू, आवळा, कैरी, कच्ची कोबी, मुळा, हिरवी मिरची, कोथिंबीर या सर्वांत तें जीवनसत्त्व आहे, आणि हे सर्व जिन्नस डाव्या बाजूचे आहेत. उष्णतेनें त्याचा पुष्कळसा नाश होतो. म्हणून लिंबू आमटींत उकळण्यापेक्षां ताटांतच पिळलेलें बरें. उलट, जेवणाबरोबर किंवा त्याच्या पाठोपाठ घेतलेला चहा लोहाच्या शोषणास अडथळा करतो. तो तासभर पुढें ढकलावा. लिंबाच्या फोडीनें रक्तक्षय बरा होतो असें मात्र कोणीं समजूं नये; त्यासाठीं डॉक्टरांचाच सल्ला घेतला पाहिजे.

कोशिंबिरी

*खमंग काकडी :* दोन मध्यम काकड्यांचीं टोकें कापून त्या चाखून पाहाव्या; कडू लागल्यास टाकून द्याव्या. सोलून बारीक कोचवाव्या. किसल्यानें पाणी फार सुटतें. पाव वाटी दाण्याचें जाडसर कूट, दोन चमचे ओलें खोबरें, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर साखर व कोथिंबीर घालावी. दोन चमचे तेलांत जिरें, हिंग व हिरवी मिरची यांची फोडणी करून ती निवल्यावर वर ओतावी. मीठ मात्र वाढण्याच्या वेळींच घालावें; तें काकडींतलें पाणी बाहेर ओढतें, आणि आधीं घातल्यास वाटींत कोशिंबिरीऐवजीं सार दिसूं लागतें.

*मुगाच्या डाळीची :* अर्धी वाटी मुगाची डाळ दोन तास भिजवून निथळावी. तींत एक किसलेलें गाजर, ओलें खोबरें, लिंबू, कोथिंबीर व मोहरी-हिंगाची फोडणी घालावी. गाजरांतील कॅरोटीन अंगीं लागावयास थोडा स्निग्धांश लागतो. तेव्हां फोडणीचें तेल येथें केवळ खमंगपणासाठीं नाहीं.

*मुळ्याची पचडी :* कोवळा मुळा किसावा व त्याचा पालाहि टाकून न देतां स्वच्छ धुऊन अगदीं बारीक चिरावा. तिखट, लिंबू व फोडणी वरीलप्रमाणेंच. पाला मुळ्याहून अधिक गुणाचा आहे, आणि बहुतेक घरांत तोच कचऱ्यांत जातो. कच्च्या पदार्थांची पानें सुटीं करून वाहत्या पाण्याखालीं धुणें हा या प्रकारांतला पहिला नियम समजावा.

चटण्या व पंचामृत

*कारळ्याची चटणी :* एक वाटी कारळे मंद आंचेवर कोरडे भाजावे. तडतडूं लागले कीं उतरावे. चार-पांच सुक्या मिरच्या व पाव वाटी किसलेलें सुकें खोबरें निराळें भाजून, मीठ व चिंचेचें लहानसें बुटुक घालून सर्व एकत्र कुटावें. कूट अगदीं पीठ होऊं देऊं नये. लसूण चालत असेल तर चार पाकळ्या घालाव्या.

*जवसाची चटणी* याच रीतीनें होते. जवसाचें टरफल कठीण असल्यामुळें अखंड दाणे तसेच पोटांतून निघून जातात. म्हणून तें कुटूनच खाल्लें पाहिजे. कुटलेल्या जवसाला लौकर खवट वास येतो, तेव्हां आठवड्यापुरतीच चटणी करावी. सुक्या चटणींत व लोणच्यांत मीठ बरेंच असतें. दिवसाकाठीं एका माणसाला सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षां कमी मीठ असावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या दिवशीं पानांत हीं दोन्हीं असतील, त्या दिवशीं वरचें मीठ वाढूं नये.

*दोडक्याच्या शिरांची चटणी :* भाजी चिरतांना निघालेल्या शिरा थोड्या तेलावर कुरकुरीत परताव्या; तीळ, सुकें खोबरें, हिरवी मिरची, मीठ घालून चुराव्या. टाकाऊ म्हणून गेलें असतें, त्यांत एक वेळचें तोंडीलावणें होतें.

*पंचामृत :* पातळ चटकदार पदार्थ हवा असल्यास बाटली आणण्याची गरज नाहीं. तेलाच्या फोडणींत हिरव्या मिरच्यांचे तुकडे, खोबऱ्याचे काप व अर्धी वाटी दाणे परतून त्यांत एक वाटी चिंचेचा कोळ घालावा व उकळी आणावी. मग चिंचेचा आंबटपणा मोडेल इतका गूळ, मीठ, एक चमचा गोडा मसाला व पाव वाटी भाजलेल्या तिळांचें कूट घालून दाट होऊं द्यावें. थालीपीठ, पोळी, भात, कशाबरोबरहि तें चालतें.

दूध न घेणाऱ्यांविषयीं

अलीकडे कांहीं घरांत एखादा मुलगा किंवा सून दूध, दहीं व तूप हीं सोडतात, आणि त्यांना काय वाढावें या चिंतेनें वडील मंडळी हैराण होतात. वरील कृति पाहिल्या तर त्यांत या तिहींपैकीं एकहि नाहीं, हें ध्यानांत येईल. दह्याच्या कोशिंबिरीसाठीं भिजवलेले दाणे थोड्या पाण्यांत गंधासारखे वाटून त्यांत लिंबू पिळावें. भोपळ्याचें भरीत त्यांतहि चांगलें मिळून येतें. रुचीचा प्रश्न असा सुटतो. परंतु ब-१२ जीवनसत्त्वाचा सुटत नाहीं. कोणत्याहि धान्यांत, डाळींत किंवा भाजींत तें भरंवशाचें मिळत नाहीं. आपल्यासारख्या शाकाहारी कुटुंबांत तें मुख्यतः दूध-दह्यांतूनच येतें. तेंहि सोडणारानें डॉक्टरांच्या सल्ल्यानें ब-१२ ची गोळी घेतलीच पाहिजे. त्याच्या अभावीं रक्ताबरोबर मज्जातंतूंचीहि हानि होते, आणि ती वेळीं न ओळखल्यास पुष्कळदा भरून निघत नाहीं. गर्भवती स्त्रीच्या बाबतींत तर येथें हयगय करूं नये. घरच्यांनीं वाद घालण्यापेक्षां ही गोळी आठवणीनें आणून देणें अधिक उपयोगाचें.

शेवटची पंगत

आतां किंमत कोण मोजतें त्याविषयीं. एकत्र कुटुंबांत मुलें आधीं जेवतात, मग पुरुष व वडील माणसें, आणि शेवटीं स्वयंपाक करणाऱ्या. भात-आमटी त्यांच्यापर्यंत पोंचते, कारण ती मोठ्या पातेल्यांत असते. कोशिंबीर लहान भांड्यांत असते व चांगली झाली असेल तर आधींच संपते. लिंबू एकच चिरलेलें असतें. त्याच्या चार फोडी पहिल्या पंगतीस जातात, आणि आणखी एक आपल्यापुरतें चिरणें बायकांना उगाच वाटतें. मग भराभर चार घास आणि लागलीच चहा. म्हणजे पानाच्या डाव्या बाजूची ज्यांना सर्वांहून अधिक गरज, त्यांचेंच पान त्या अंगास रिकामें.

हें बदलण्यास खर्च लागत नाहीं. कोशिंबिरीचा चिरलेला ऐवज व कूट निरनिराळें झांकून ठेवावें, आणि दर पंगतीस लागेल तेवढेंच कालवावें. यांत शेवटच्यांस ताजी कोशिंबीर मिळते व पहिल्यांचेंहि कांहीं बिघडत नाहीं. लिंबें माणसांच्या मानानें मोजून चिरावीं. काकडी कोचवणें, खोबरें किसणें, चटणी कुटणें हीं कामें बसल्या बसल्या करण्याजोगीं आहेत. घरांतील मुलगे, नातू व निवृत्त झालेले आजोबा यांना तीं सहज जमतात. आणि शक्य असेल त्या घरांत एक तरी वेळचें जेवण सर्वांनीं एकत्र बसून घ्यावें, म्हणजे पहिली आणि शेवटची पंगत हा भेदच राहणार नाहीं. तें रोज जमत नसेल, तर निदान वाढणारीनें, किंवा वाढणारानें, झांकण घालतांना एकदां पाहावें, कीं अजून कोण जेवावयाचें आहे आणि तिच्यासाठीं लिंबू उरलें आहे कीं नाहीं.