गादी सरकली, पण दुखतं कुठे?

कंबर धरली की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘गादी सरकली असेल.’ हे निदान आपल्या बोलण्यात पुरतं मुरलं आहे, पण त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. १९३४ साली बॉस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी १९ रुग्णांवरचा लेख छापला. कण्यात सापडणाऱ्या ज्या तुकड्यांना तोवर गाठी समजलं जाई, ते मणक्यांमधल्या फुटलेल्या चकतीचे, म्हणजे आपल्या ‘गादी’चे असतात आणि नसा दाबतात, हे त्यांनी दाखवलं. पायात उतरणाऱ्या कळेचं कोडं त्यामुळे सुटलं. घोळ पुढे झाला. नुसत्या कंबरदुखीचं खापरही चकतीवरच फुटू लागलं.

१९३४चा लेख छापणाऱ्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिननेच १९९४मध्ये या समजाला तडा देणारी पाहणी छापली. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर सगळ्या चकत्या धडधाकट निघाल्या त्या फक्त ३६ टक्के लोकांच्या! म्हणजे रिपोर्टमध्ये चकतीचा ‘बल्ज’ (फुगवटा) दिसला म्हणून दुखण्याचं मूळ सापडलं, असं होत नाही. रिपोर्ट वाचून घाबरणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, ही खंत आजही कायम आहे.

मग चकती झिजते कशाने? ओझी उचलून, असं सगळेच म्हणत. १९९५मध्ये फिनलंडमधल्या ११५ एकसारख्या जुळ्या भावांच्या जोड्या तपासल्या गेल्या. एकाचं काम अंगमेहनतीचं, दुसऱ्याचं हलकं, तरी झीज बरीचशी सारखी. कष्टांचा वाटा थोडा होता. आनुवंशिकता आणि लहानपणीचं वातावरण यांचा कितीतरी मोठा.

दोनच वर्षांनी इंग्लंडच्या संशोधकांना दुखऱ्या चकत्यांमध्ये आत खोलवर शिरलेले मज्जातंतू आढळले. निरोगी चकतीत ते बाहेरच्या थरापुरतेच असतात. दुखण्याला एक ठोस वाट मिळाली.

दुखण्यामागे जंतू असतील, हा अध्याय मात्र चटकन आटोपला. मणक्याच्या हाडात एमआरआयवर दिसणारे ‘मोडिक’ बदल संसर्गाने होत असावेत, असं मानून डेन्मार्कच्या डॉक्टरांनी १०० दिवस प्रतिजैविकं दिली. २०१३मध्ये निकाल आला तो उत्साहवर्धक. नॉर्वेच्या १८० रुग्णांवरच्या चाचणीत, २०१९ साली, तो फायदा फारसा उरला नाही.

त्याआधीच, २००४मध्ये, शिकागोच्या वनिया अपकारियन यांच्या गटाने जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांच्या मेंदूतला करडा भाग घटलेला दाखवला. दुखणं कमरेतून डोक्यात गेलं की काय, असं वाटायला लावणारा हा निष्कर्ष! २०११मध्ये मॉन्ट्रियलहून त्याला पुस्ती जोडली गेली: शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शनांचे उपचार झाल्यावर सहा महिन्यांनी रुग्णांच्या मेंदूच्या एका भागाची जाडी पुन्हा वाढली होती. मेंदूतला निदान हा बदल तरी दुखण्याचं कारण नसून परिणाम असावा.