भिवंडीच्या लूमवाल्यासाठी ॲप बनवताय? आधी त्याचा कॉम्प्युटर बघा

वेबसाइट बनवता येणारी मुलं विचारतात, "सर, भिवंडीत काय विकू?" यंत्रमागाच्या ऑफिसात डोकावून बघा. कोणत्या व्यापाऱ्याचं किती सूत आलं, किती ताके गेले, पिकच्या दराने मजुरी किती झाली. नेट गेलं म्हणून ही नोंद थांबून चालत नाही, आणि आपला हिशेब दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवायला बरेच मालक कचरतात. म्हणून डेस्कटॉप ॲप.

त्यासाठी सगळं नव्याने शिकायची गरज नाही. स्क्रीन तुमच्या त्याच एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टमध्ये बनते. यातलं जुनं साधन इलेक्ट्रॉन, २०१३ पासूनचं. पण ते प्रत्येक ॲपबरोबर अख्खं क्रोमियम पाठवतं, त्यामुळे साधं बिलाचं ॲपसुद्धा सहज शंभर एमबीच्या पुढे जातं. टौरी (पहिली पक्की आवृत्ती जून २०२२, दुसरी ऑक्टोबर २०२४) विंडोजमधलाच वेबव्ह्यू२ वापरतं, आणि फाइल, डेटाबेसचं मागचं काम रस्ट भाषेत करतं. इन्स्टॉलर काही एमबीचाच. रॅम मात्र फार वाचेल असं समजू नका. वेबव्ह्यू२ हाही आतून क्रोमियमच आहे.

रस्ट शिकायला वेळ लागतो. दोन महिन्यांत काम द्यायचं असेल, तर मी गो भाषा आणि वेल्स घ्या म्हणेन. पद्धत तीच, डोकेदुखी कमी.

आता पैशाची गोष्ट. ॲडव्हान्स घेतला, दोन महिने राबलात, आणि मालकाच्या मशीनवर ॲप उघडलंच नाही तर? जुन्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज ७ सापडतं. त्यावर चालणारी वेबव्ह्यू२ची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. इलेक्ट्रॉनकडे पळूनही उपयोग नाही. त्यांनीही आवृत्ती २३ पासून विंडोज ७ सोडलं. म्हणून कोटेशन देण्याआधी त्याच्या खुर्चीत बसा, विंडोज कोणतं ते बघा, आणि नवा पीसी लागणार असेल तर तो खर्च वेगळ्या ओळीत लिहा.

आणखी एक. डिजिटल सही नसलेलं ॲप इन्स्टॉल करताना विंडोज निळी सूचना दाखवू शकतं. मालक घाबरतो, व्हायरस म्हणतो. सहीच्या सर्टिफिकेटचा खर्चही दरात धरा, किंवा पहिल्यांदा स्वतः जाऊन इन्स्टॉल करून द्या.

डेटाबेस एसक्यूलाइट ठेवलात तर सगळा हिशेब एका फाइलमध्ये राहतो. ॲप चालू असताना ती फाइल नुसती कॉपी करू नका, बॅकअप अर्धवट राहू शकतो. ॲपमध्येच बॅकअपचं बटण द्या, आणि पेन ड्राइव्ह दोन घ्यायला सांगा: एक ऑफिसात, एक मालकाच्या घरी.