मराठीतला ‘ने’ आणि फ्रेंचचा भूतकाळ

पुण्यात फ्रेंच शिकणं आता नवलाचं राहिलेलं नाही. अकरावीला अनेकजण भाषा म्हणून फ्रेंच घेतात, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे वर्ग भरतात, आलियाँस फ्राँसेझचे वर्ग आहेत. पण बहुतेक ठिकाणी व्याकरण समजावलं जातं ते इंग्रजीतून. मग मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी मागच्या बाकावर बसतो आणि मनात म्हणतो, माझं इंग्रजीच कच्चं, मला फ्रेंच काय जमणार? आज आपण हीच समजूत तपासून पाहणार आहोत, तीही नवशिक्याला जिथे हमखास अडायला होतं त्या जागी. ती जागा म्हणजे भूतकाळ, फ्रेंच नाव पासे काँपोझे.

हा भूतकाळ दोन शब्दांचा असतो. आधी एक सहायक क्रियापद, मग मूळ क्रियापदाचं भूतकाळी रूप. अडचण अशी, की सहायक क्रियापदं दोन आहेत. आव्वार म्हणजे जवळ असणे आणि एत्र म्हणजे असणे. कुठे कोणतं वापरायचं? इंग्रजीत जाण्याला आणि लिहिण्याला दोन्हीकडे ‘हॅज’च लागतं, त्यामुळे इंग्रजी इथे काहीच सुचवत नाही. म्हणून वर्गात एत्र घेणाऱ्या पंधरा-सोळा क्रियापदांची यादी पाठ करून घेतात.

ती यादी आपण मराठीत म्हणून पाहू. ती गेली, ती आली, ती पोहोचली, ती निघाली, ती चढली, ती उतरली, ती पडली, ती राहिली, ती जन्मली, ती वारली. काय लक्षात आलं? एकाही वाक्यात ‘तिने’ नाही. आता आव्वारची काही क्रियापदं घेऊ. तिने लिहिलं, तिने खाल्लं, तिने पाहिलं, तिने घेतलं. शाळेत आपण कर्तरी आणि कर्मणी प्रयोग मार्कांसाठी पाठ केले होते, ते इथे कामाला येतात.

पुढची गंमत बघा. ‘सॉर्तीर’ हे एकच क्रियापद दोन्ही सहायकं घेतं. ‘एल ए सॉर्ती’, म्हणजे ती बाहेर पडली. इथे एत्र. ‘एल आ सॉर्ती ला क्ले’, म्हणजे तिने किल्ली बाहेर काढली. इथे आव्वार. पुस्तकात हा अपवाद म्हणून वेगळ्या चौकटीत येतो. मराठी माणसाला तो अपवाद वाटायचं कारणच नाही. ती उतरली, पण तिने बॅगा उतरवल्या. कर्म आलं की ‘ने’ आला, आणि ‘ने’ आला की आव्वार.

आता सावधगिरी. वाक्य नेहमी ‘तो’ किंवा ‘ती’ घेऊन करा, कारण ‘मी’ आणि ‘तू’ला ‘ने’ दिसत नाही. दुसरं, ‘ने’ नाही म्हणजे एत्रच, असं मात्र नाही. ती हसली, ती झोपली, ती धावली, ती म्हणाली, या सगळ्यांना फ्रेंचमध्ये आव्वार लागतं. आणि उलट बाजूने, स्वतःवर होणाऱ्या क्रिया, उदाहरणार्थ तिने अंघोळ केली, यांना फ्रेंच ‘स’ हे सर्वनाम लावते आणि एत्र घेते. म्हणजे यादी वाचायची आहेच. फक्त ती आता कोरी घोकंपट्टी राहत नाही.

दुसरा प्रश्न लिंग-वचनाचा. एत्र असेल तर क्रियापदाचं रूप कर्त्याप्रमाणे बदलतं. तो वारला, ‘इल ए मॉर’. ती वारली, ‘एल ए मॉर्त’. बहुतेक वेळा हा फरक ऐकू येत नाही, फक्त लिहिताना शेवटी एक जादा ‘ई’ हे अक्षर येतं, म्हणून तो विसरला जातो. आव्वार असेल तर कर्त्याशी संबंध नाही. कर्ता बाई आहे म्हणून तिथेही ते अक्षर जोडणं ही नवशिक्याची नेहमीची चूक. आपण ‘तिने आंबा खाल्ली’ म्हणतो का? नाही. मग तिथेही ते जोडायचं नाही.

मग कर्माचं काय? ‘तिने चिठ्ठी लिहिली’ यात मराठी क्रियापद चिठ्ठीप्रमाणे चालतं. फ्रेंच इथे चालत नाही. ‘एल आ एक्री यून लेत्र’, रूप तसंच. पण कर्म आधी आलं, की फ्रेंचही मराठीसारखी वागते. ‘तिने लिहिलेली चिठ्ठी’ म्हणजे ‘ला लेत्र केल आ एक्रित’. एक्रीचं एक्रित झालं, तो ‘त’ ऐकू येतो. वरच्या पायऱ्यांवरचे विद्यार्थीही जिथे चुकतात, तो नियम आपण रोज बोलतो.

मात्र शब्दांची लिंगं मराठीवरून ठरवू नका. चिठ्ठी आणि लेत्र दोन्ही स्त्रीलिंगी, हा योगायोग. आंबा पुल्लिंगी, पण ‘ला मांग’ स्त्रीलिंगी. आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोनच. म्हणून प्रत्येक नाम ‘ल’ किंवा ‘ला’सकट पाठ करायचं, त्याला पर्याय नाही.

मराठी सगळं सोपं करते, असा आमचा दावा नाही. पण इंग्रजी कच्चं आहे म्हणून फ्रेंचच्या वर्गातून उठून जाऊ नका, एवढं आम्ही नक्की सांगू. आज घरी गेल्यावर कालच्या दिवसाची दहा वाक्यं ‘तो’ किंवा ‘ती’ घेऊन मराठीत लिहा. ‘ने’ असलेली एका बाजूला, नसलेली दुसऱ्या बाजूला. मग फ्रेंचची यादी शेजारी ठेवा आणि कुठे जुळतं, कुठे नाही, ते बघा. पुढच्या वेळी आपण त्याच वह्या घेऊन बसू.