निळे ओठ, ८५ चा आकडा आणि निळं औषध

‘वरून लावायचं तर मलम आहे, त्यानं काय होणार?’ लेझरनं केस काढण्याआधी दोन्ही पायांवर बधिर करणारं क्रीम थापून वर प्लास्टिक गुंडाळलं जातं, दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना जेल चोळलं जातं, तेव्हा मनात हेच असतं. हा समज चुकीचा आहे. औषध त्वचेतून रक्तात शिरतं, आणि तोंडाच्या किंवा घशाच्या नाजूक अस्तरातून तर अधिकच. जेवढी जागा मोठी आणि जेवढा वेळ झाकून ठेवलं, तेवढं ते जास्त आत जातं.

क्रीममधलं प्रिलोकेन आणि जेल किंवा घशाच्या स्प्रेमधलं बेंझोकेन यांमुळे क्वचित मेथहिमोग्लोबिनेमिया होतो. हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतं आणि त्याला प्राणवायू धरता येत नाही. जे चांगलं हिमोग्लोबिन उरतं, तेही धरलेला प्राणवायू पेशींना सहजी सोडत नाही. असं बिघडलेलं हिमोग्लोबिन, म्हणजे मेथहिमोग्लोबिन, आपल्या सगळ्यांच्या रक्तात सुमारे १ टक्का असतंच आणि एक एन्झाइम ते सतत पूर्ववत करत असतं. तान्ह्या बाळात हे एन्झाइम कमी असतं. म्हणूनच लिडोकेन-प्रिलोकेन क्रीम तीन महिन्यांखालच्या बाळाला लावायचंच झालं, तर १ ग्रॅम, १० चौरस सेंटिमीटर आणि एक तास ही मर्यादा घातलेली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना दातांसाठी बेंझोकेन वापरू नये, असं स्पष्ट बजावलं.

‘भुलीच्या औषधाची ॲलर्जी आली’ असं घरी आल्यावर सांगितलं जातं. ही ॲलर्जी नव्हे. अंगावर गांधी नाहीत, घसा सुजलेला नाही, तरी ओठ आणि नखं निळसर-करडी दिसतात. मेथहिमोग्लोबिनचं प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेलं की रंग बदलू लागतो, २० च्या पुढे डोकेदुखी, चक्कर, धाप लागते आणि ५० च्या पुढे झटके, बेशुद्धी येऊ शकते. ज्याला आधीच ॲनिमिया आहे, त्याला याहून कमी प्रमाणातही त्रास होतो.

सगळ्यात फसवा समज मात्र बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरभोवती आहे. कोविडनंतर तो घराघरांत आला आणि त्याचा आकडा हाच शेवटचा शब्द वाटू लागला. मेथहिमोग्लोबिन वाढलं की ते यंत्राला चकवतं आणि आकडा ८५ च्या आसपास अडकून बसतो. खरी परिस्थिती याहून बरी असू शकते, किंवा पुष्कळ वाईटही. मास्क लावून ऑक्सिजन दिला तरी आकडा आणि ओठांचा रंग जागचा हलत नाही. डॉक्टरांना खूण पटते ती इथेच. रक्ताचा एक थेंब पांढऱ्या फिल्टर पेपरवर टाकून हवेत ठेवला, तर नुसता प्राणवायू कमी असलेलं रक्त लालभडक होतं, हे चॉकलेटीच राहतं. पक्कं निदान को-ऑक्सिमेट्री या रक्ततपासणीनं होतं.

उतारा आहे आणि तो उत्तम काम करतो: मेथिलीन ब्लू. वजनाच्या दर किलोला १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून, सुमारे पाच मिनिटांत. पण ‘उतारा आहे, म्हणजे सगळ्यांना चालेल’ हा समज ओमानमध्ये राहणाऱ्यांनी खास तपासून घ्यावा असा आहे. मेथिलीन ब्लूला काम करण्यासाठी पेशीत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम लागतं. ते कमी असेल तर औषध चालत नाही, उलट तांबड्या पेशी फुटू शकतात. ओमानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ही कमतरता सुमारे २५ टक्के पुरुषांत आणि १० टक्के स्त्रियांत आढळली. आपल्याकडे ती मुंबईच्या पारशी समाजात आणि महाराष्ट्रातल्या काही आदिवासी समाजांत ठळकपणे दिसते, तेव्हा मस्कतच्या मराठी माणसानंही ‘हे अरबांचं दुखणं’ म्हणून हात झटकू नयेत. अशा रुग्णाला क जीवनसत्त्व किंवा रक्तबदल हे पर्याय असतात. तपासणी तब्येत ठणठणीत असताना करून ठेवावी. पेशी नुकत्याच फुटून गेल्यावर केली, तर नव्या पेशींमुळे निकाल खोटाच चांगला येऊ शकतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांशीही मेथिलीन ब्लूचं पटत नाही, म्हणून चालू औषधं लपवू नयेत.

याचा अर्थ दाताच्या डॉक्टरकडे जायला घाबरायचं, असा नाही. तिथल्या नेहमीच्या लिडोकेनच्या इंजेक्शननं असं होणं फार दुर्मीळ आहे. मोठ्या जागेवर, क्लिनिकच्या देखरेखीशिवाय, घरीच थापलेलं क्रीम जास्त काळजीचं.

दोष फक्त बधिर करणाऱ्या औषधांचाही नाही. विवॅक्स मलेरिया परत उलटू नये म्हणून प्रायमाक्विन देतात; भारतातून सुट्टी संपवून ओमानला परतलेल्या माणसावरही ही वेळ येऊ शकते, आणि ते सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडी पाहावंच लागतं. कुष्ठरोगावर आणि काही त्वचाविकारांवर चालणारं डॅप्सोनही याच यादीत येतं.

ओठ निळे दिसले तर क्रीम लगेच पुसून धुवा आणि ओमानमध्ये ९९९९ ला फोन करा. क्रीमची ट्यूब किंवा गोळ्यांची पट्टी सोबत न्या, किती वाजता आणि केवढ्या जागेवर लावलं ते सांगा. डॅप्सोन असेल तर ते विशेष ठासून सांगा: ते शरीरात बराच काळ टिकतं, मेथिलीन ब्लूनं रंग परत आला तरी काही तासांनी पुन्हा निळेपणा येऊ शकतो, म्हणून अशा रुग्णाला लगेच घरी सोडत नाहीत.