घरगुती धुण्याचा साबण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरी केलेला धुण्याचा साबण बाजारच्या वडीपेक्षा हमखास स्वस्त पडतो, असे सरसकट मानले जाते. साबणाचा मुख्य कच्चा माल तेल आहे आणि किंमत त्यावरच ठरते. एक किलो तेलापासून साधारण सव्वा किलो साबण मिळतो. त्यासाठी नवे तेल विकत आणले, तर बचतीचा प्रश्नच उरत नाही. तळणीचे उरलेले तेल वापरले तर मात्र खर्च खरोखरच कमी येतो. अशा तेलाचा साबण चांगला होत नाही, ही भीतीही अनाठायी आहे. तेल निवळू देऊन फडक्यातून गाळले की पुरे. साबणाला तांबूस रंग आणि थोडा वास राहतो, पण मळ काढण्याची शक्ती फारशी कमी होत नाही.

कॉस्टिक सोडा न घालता साबण करता येतो, हा समज चुकीचा आहे. तेल आणि हा तीव्र अल्क यांच्या रासायनिक क्रियेतूनच साबण व ग्लिसरीन तयार होते. वडी किसून तिच्यात धुण्याचा सोडा मिसळणे हे केवळ मिश्रण झाले. कॉस्टिकचे प्रमाण वाटी-चमच्याने घेणे धोक्याचे असते, कारण प्रत्येक तेलाची गरज वेगळी असते. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे 183 ग्रॅम लागतो, तर सूर्यफूल तेलाला सुमारे 135 ग्रॅम. प्रत्यक्षात दोन-तीन टक्के कमीच घ्यावा आणि वजनकाट्यावर तोलून घ्यावा. जास्त पडलेला कॉस्टिक वडी महिनाभर वाळवली की निघून जातो, असे समजले जाते, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. वाळवण्याने मुख्यतः पाणी उडते आणि वडी टणक होऊन जास्त दिवस टिकते.

कॉस्टिक नेहमी पाण्यात घालावा, त्यावर पाणी ओतू नये. द्रावण इतके तापते की उकळून अंगावर उडू शकते. ॲल्युमिनियमच्या भांड्याशी त्याची क्रिया होऊन ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो, म्हणून भांडे स्टीलचे घ्यावे. हातमोजे आणि चष्मा हवाच, मुले जवळपास नसावीत. त्वचेवर थेंब उडाला तर लिंबू किंवा व्हिनेगर लावायचे नसते. किमान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावे. डोळ्यात गेल्यास लगेच तसेच धुवून तातडीने डॉक्टरांकडे जावे.

साबण आणि डिटर्जंट सारखेच, हा समज बोअरवेलच्या पाण्यात उघडा पडतो. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका बनवतात. फेस येत नाही, साबण वाया जातो, पांढरे कपडे करडे पडतात आणि वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये थर साचतो. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, तिथे हा त्रास होणारच. अशा वेळी साबणाआधी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळवावा. त्याने कॅल्शियम खाली बसते आणि साबण कामाला येतो. खायच्या सोड्याने हे काम तितके होत नाही.

साबणाच्या पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबू मिसळल्याने कपडे अधिक स्वच्छ होतात, हेही खरे नाही. आम्लामुळे साबण मोडून पुन्हा तेलकट पदार्थ सुटतो.

रेशमी आणि लोकरी कपड्यांना घरगुती साबण वापरू नये. तो अल्कधर्मी असल्याने या धाग्यांना इजा होते. त्यांच्यासाठी रिठ्याचे पाणी अधिक सौम्य असते. सुती कपडे, पायपुसणी आणि स्वयंपाकघरातील फडकी बादलीत धुण्यासाठी हा साबण उत्तम. तळणीचे तेल नियमित उरत असेल आणि पाणी हलके असेल, तरच तो करण्यात पैशांची खरी बचत आहे.