ग्रास कटरचं पेट्रोल: रोवणी ते कापणी

आज बोलूया ग्रास कटरमध्ये टाकायच्या पेट्रोलबद्दल. विषय लहान वाटेल, पण ऐन धान कापणीत मशीन जाम झाली की काय होतं, हे बांधीत उभ्या असलेल्या माणसालाच विचारा.

आपल्या भंडाऱ्याचं वेळापत्रक बघा ना. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीच्या वेळी धुऱ्यावरचं गवत काढायला मशीन निघते. मग ती कोपऱ्यात पडते ती थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कापणीपर्यंत. टाकीत उरलेलं पेट्रोल तसंच. आणि आता पंपावर मिळतं ते ई-२०. म्हणजे १०० लिटरमध्ये २० लिटर इथेनॉल. २०२३ पासून ते टप्प्याटप्प्याने आलंय.

इथेनॉलची खोड अशी, की ते पाणी ओढतं. हवेतला ओलावा हळूहळू शिरतो, त्याने एका रात्रीत बिघडत नाही. खरी भीती सैल झाकणातून आत गेलेल्या पावसाच्या पाण्याची. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्यासोबत तळाशी बसतं. मशीनची नळी तर तळातूनच ओढते! टू-स्ट्रोकमध्ये वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच पिस्टनला वंगण देतं. ते राहिलं वरच्या थरात. मग पिस्टन घासणारच. जुन्या मशीनच्या रबरी नळ्याही इथेनॉलने फुगतात, चिरतात.

म्हणून मी काय सांगतो, पेट्रोल पंधरा दिवसांपुरतंच आणा. ऑइल त्या दिवसाला लागेल तेवढ्याच पेट्रोलात मिसळा. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. कोणतं प्रमाण, ते मशीनच्या पुस्तिकेत बघा, शेजाऱ्याला विचारू नका. पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादाही असते, बऱ्याच मशीनना १० टक्केच चालतं. नवीन घेताना दुकानदाराला हे आधी विचारा. बिनाऑइलचं ताजं पेट्रोल उरलं तर गाडीत टाका, वाया जात नाही. महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घेऊन या मशीनला फायदा नाही.

काम संपलं की टाकी रिकामी करा, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कार्ब्युरेटरही कोरडा होतो.

आता साठवणुकीचं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, पण घट्ट बुचाच्या भांड्यात: धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत, काचेचं असेल तर एकच लिटर. कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटलीचं त्यात नावच नाही. आणि ती बाटली घरात असली, की तहानलेलं पोर सरबत समजून तोंडाला लावतं. डबा चुलीपासून लांब, सावलीत, कुलपात. भरताना मशीन थंड होऊ द्या, आणि बिडी खिशातच राहू द्या.