जुन्या जावाचा क्लच : प्लेटा बदलण्याआधी केबल पाहा

भाईंदर पश्चिमेकडून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी ही गावे मागे टाकत उत्तनकडे निघाले, की एक रस्ता चौक गावाकडे वळतो. वसईच्या खाडीच्या मुखाशी वसलेले हे गाव. सन १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला धारावीचा किल्ला तो याच गावात. जीर्णोद्धार केलेली जुनी मोटारसायकल पारखून घ्यायची असेल, तर हा रस्ता उत्तम. सपाट रस्त्यावर झाकलेला क्लचचा दोष चढावर झाकता येत नाही. आणि खारे वारे केबलचे काय करतात, हेही येथे एका पावसाळ्यात कळून येते.

जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांत जावा-येझदी आणि बुलेट यांचे चाहते सर्वाधिक. बुलेट १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागली. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातील. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांवरून तिचे बारसे झाले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९६० च्या दशकात ती भारतात रुजवली, पुढे येझदी हे नाव दिले आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळे लागले. जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आली खरी. परंतु त्या गाड्यांचे इंजिन चार स्ट्रोकचे असून जुन्या दोन स्ट्रोकच्या गाडीला त्यांचा क्लच चालत नाही. त्यामुळे जुन्या जावाचा क्लच बिघडला, की मालक ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या जुन्या बाजारात भटकू लागतो. तेथे मिळणाऱ्या नव्या प्लेटांची जाडी मूळ प्लेटांशी जुळेलच, याची खात्री नसते. चांगल्या मूळ प्लेटा काढून टाकून जाडीला कमी-अधिक असलेल्या नव्या प्लेटा बसवायच्या आणि दोष मात्र तसाच राहायचा, असा प्रकार त्यामुळेच घडतो.

याचे कारण निदानात आहे. 'क्लच गेला' हे निदान नव्हे. क्लचचे दुखणे मुळात दोनच प्रकारचे असते. एक तर तो घसरतो, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचवत नाही. किंवा तो सुटत नाही, म्हणजे लिव्हर दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना चिकटून राहतात. या दोहोंची कारणे बहुतांशी परस्परविरुद्ध असल्यामुळे आधी प्रकार ठरवल्याशिवाय पान्हा हाती घेण्यात अर्थ नाही.

घसरणारा क्लच ओळखणे सोपे. वरच्या गिअरमध्ये गाडी चढावर आणावी व थ्रॉटल पूर्ण उघडावा. इंजिनाचा आवाज चढत गेला आणि वेग मात्र वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. आवाजही चढत नसेल, तर क्लचला दोष देऊ नये. दोन स्ट्रोकच्या गाडीत सायलेन्सर काजळीने भरला, तरी गाडी अशीच मरगळते. बुलेटमध्ये आणखी एक खूण आहे. तिच्या किकचा जोर क्लचमार्गेच इंजिनाकडे जात असल्याने किक मारताना पाय सरकन खाली गेला आणि इंजिन फिरलेच नाही, तर क्लच घसरतो असे समजावे.

मग कारण शोधायचे ते स्वस्तातून महागाकडे. पहिली केबल. लिव्हर हातात धरून हलवली असता क्लच दाबू लागण्यापूर्वी तिच्यात दोन-तीन मिलिमीटरचा मोकळेपणा, म्हणजे प्ले, जाणवला पाहिजे. तो नसेल तर लिव्हर न दाबताही क्लच अर्धवट सुटलेलाच राहतो आणि प्लेटा जळतात. जीर्णोद्धारात हँडल बदलले किंवा नवी केबल आखूड मिळाली, की हा दोष हमखास येतो. गाडी स्टँडवर घेऊन हँडल दोन्ही टोकांना वळवून पाहावे. एका बाजूला वळवताच प्ले नाहीसा होत असेल, तर केबल कोठेतरी ताणली जात आहे. प्लेटांचा त्यात काही अपराध नाही.

दुसरे तेल. या गाड्यांचा क्लच तेलात फिरतो. आधुनिक मोटारींच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी रसायने असतात. इंजिनाला ती मानवतात, क्लचला नव्हे. मोटारसायकलच्या तेलांसाठी जपानमध्ये १९९८ मध्ये 'जासो' हे मानक आले, ते याच अडचणीतून. डब्यावर 'जासो एमए' अशी नोंद असेल, तर ते तेल ओल्या क्लचला चालते. 'एमबी' लिहिलेले तेल त्यासाठी नाही. गाडीवर एवढा खर्च करणारा मालक सर्वांत महागडे तेल ओततो आणि मग क्लचला नावे ठेवतो, हे चित्र दुर्मीळ नाही. चुकीचे तेल काढून योग्य तेल भरल्यावर क्लच काही वेळा आपोआप सुधारतो. न सुधारल्यासच कव्हर खोलावे, स्प्रिंगांची लांबी एकमेकींशी ताडून पाहावी आणि प्लेटांवरील बूच झिजले आहे की काचेसारखे गुळगुळीत झाले आहे, हे तपासावे.

सुटत नसलेल्या क्लचचा त्रास अधिक, आणि धोकाही अधिक. गोल्डन नेस्टच्या सिग्नलवर गाडी न्यूट्रलला येत नाही, लिव्हर दाबूनही पुढे सरकते, गिअर टाकताना खाडकन आवाज होतो. मागे बस आणि पुढे रिक्षा असताना हा प्रसंग गंमतीचा नसतो. येथेही सुरुवात केबलपासूनच. मात्र शोध उलट दिशेने घ्यायचा, कारण आता प्ले फार वाढलेला असतो. एकाने लिव्हर दाबावी व दुसऱ्याने इंजिनाकडील टोक पाहावे. बाजारातील हलक्या केबलचे वरचे आवरणच दाबले जाते आणि हाताची निम्मी ताकद त्यात जिरते. लिव्हरच्या खिळीचे भोक झिजून लंबगोल झाले असेल, तरी हेच घडते. खाडीकाठच्या गावांत तार गंजून आवरणात जड चालते. अशी केबल काढून टांगावी आणि वरच्या टोकातून तेल सोडावे, ते खालून गळू लागेपर्यंत.

जावाच्या बाबतीत येथे एक सुंदर गोष्ट मालकाच्या मदतीला येते. जावा-येझदीच्या अनेक गाड्यांत क्लच अर्धस्वयंचलित आहे : पायाने गिअरची दांडी दाबताच आतील यंत्रणा आधी क्लच सोडवते व मग गिअर पडतो, हाताने लिव्हर दाबली नाही तरी. एकाच क्लचला सोडवणारे हात आणि पाय असे दोन मार्ग असल्यामुळे निदान निम्मे झाले. हाताने लिव्हर दाबून गिअर मऊ पडतो, पण केवळ पायाने टाकताना खरखरतो, तर प्लेटा निर्दोष आहेत. बिघाड त्या यंत्रणेच्या जुळवणीत आहे. दोन्ही मार्गांनी खरखरत असेल, तरच संशय आत न्यावा. जुळवणी करतानाही आधी केबल पूर्ण ढिली करून क्लचचा स्क्रू व लॉकनट लावावा आणि केबलचा प्ले सर्वांत शेवटी ठरवावा. हा क्रम उलटला, की पायाचा मार्ग बिघडतो. अनेक गाड्यांतून ही यंत्रणा काढूनच टाकलेली आढळते. त्याने त्रास संपतो खरा, पण गाडीची एक खासियतही जाते.

आत संशय गेलाच, तर प्लेटांपेक्षा हाऊसिंगकडे आधी पाहावे. प्लेटांचे दात वर्षानुवर्षे हाऊसिंगच्या भिंतींवर आपटून तेथे खाचा पाडतात. क्लच दाबला, की प्लेटा या खाचांत अडकतात व सुटत नाहीत. नव्या प्लेटा घातल्या, तरी त्याही तेथेच अडकतात. खाचा उथळ असतील, तर बारीक कानशीने त्या सपाट करता येतात. परंतु कानस जपून चालवावी. प्लेटा पुन्हा मिळतील, चांगले मूळ हाऊसिंग मिळणे कठीण. पोलादी प्लेट वाकली आहे का, हे जाड काचेवर ठेवून समजते. बुलेटमध्ये कव्हर काढून लिव्हर दाबावी व सावकाश किक फिरवावी : प्रेशर प्लेट डुगडुगत असेल, तर स्प्रिंगांचा ताण असमान आहे. तो सारखा केला, की पुष्कळदा क्लच सुटू लागतो.

मूळ भाग जपण्याला आता कायद्याचेही कारण आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकींना 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे टिकते. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठी आणता येते.

रोज न चालणाऱ्या गाडीचे दुखणे म्हणजे चिकटलेल्या प्लेटा. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी पहिल्या गिअरला उडी मारते, ती यामुळे. बुलेटचा मालक इंजिन बंद ठेवून, लिव्हर दाबून दोन-चार किक मारतो आणि प्लेटा सुटतात. आठवड्यातून एकदा एवढे केले, तर त्या चिकटतही नाहीत. बुचाच्या नव्या प्लेटा बसवायच्याच असतील, तर त्या रात्रभर तेलात भिजवाव्यात. कोरडे बूच पहिल्याच चढावर जळते. भिजलेले बूच किंचित फुगत असल्याने केबलचा प्ले त्यानंतर ठरवावा आणि पहिल्या फेरीनंतर, इंजिन थंड झाल्यावर, पुन्हा एकदा मोजावा.